स्वतः बांधलेल्या हलक्या विमानाचं कमी अंतरातलं उड्डाण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमान बांधून झालेले, बांधायला घेतलेले आणि किटचे पैसे भरावेत की नाही या विचारात असलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. विमानागणिक उत्तरं बदलतात. म्हणून आकडे देताना बहुतेक ठिकाणी एकच विमान समोर ठेवलं आहे: झेनिथ सीएच ७०१, सोबत रोटॅक्स ९१२ इंजिन. तुमच्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर मॅन्युअलचं ऐका. आणि हे सगळं वाचून झालं तरी पहिले धडे त्या प्रकारचं विमान उडवणाऱ्या प्रशिक्षकाला शेजारी बसवूनच घ्या.

१. कमी अंतर म्हणजे नक्की किती मीटर?

अंतरं दोन असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिलं, विमान हलल्यापासून चाकं सुटेपर्यंतची धाव. दुसरं, हलल्यापासून १५ मीटर (५० फूट) उंचीचा अडथळा पार करेपर्यंतचं एकूण अंतर. जाहिरातीत पहिलं ठळक छापलेलं असतं. झाडं आणि विजेच्या तारा मात्र दुसऱ्याशी संबंधित असतात.

१०० हॉर्सपॉवरचं इंजिन लावलेल्या सीएच ७०१ ची धाव १०० फुटांच्या आत बसते असं कारखाना सांगतो. पण हा आकडा समुद्रसपाटीचा, १५ अंश सेल्सिअसचा, कोरड्या कठीण पट्टीचा आणि सराईत वैमानिकाचा आहे. तुमचा आकडा तुम्हालाच मोजावा लागतो (प्रश्न ११).

२. हे विमान इतक्या लवकर उचलतं, त्यामागे नेमकं काय आहे?

ख्रिस हाइन्ट्झ यांनी १९८० च्या दशकात सीएच ७०१ चा आराखडा केला, तो कच्च्या, आखूड पट्ट्या डोळ्यांसमोर ठेवूनच. जाड पंख, पंखाच्या पुढच्या कडेला कायम बसवलेले स्लॅट (फट ठेवून लावलेल्या अरुंद पट्ट्या), आणि मागच्या कडेखाली पंखभर लांबीचे फ्लॅपरॉन, म्हणजे फ्लॅप (उचल वाढवायला खाली करायचा भाग) आणि एलेरॉन (विमान कलवणारा भाग) एकाच पट्टीत. स्लॅटच्या फटीतून येणारी हवा पंखाच्या वरच्या बाजूला चिकटून राहते, त्यामुळे नाक बरंच वर गेलं तरी पंख स्टॉल होत नाही, म्हणजे उचलण्याचा जोर अचानक गमावत नाही. कल्पना जुनी आहे: १९३६ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या जर्मन फिझलर श्टॉर्खलाही असेच स्थिर स्लॅट होते.

आपल्याकडच्या काहींनी हे विमान जवळून पाहिलं असेल. एनसीसीच्या हवाई शाखेत कॅडेटांसाठी जी मायक्रोलाइट विमानं वापरली गेली, त्यांत सीएच ७०१ होतं.

या रचनेची किंमतही आहे. एवढी लिफ्ट (वर उचलणारा जोर) देणारा पंख तेवढाच ड्रॅग (मागे ओढणारा हवेचा रोध) देतो. इंजिन चालू आहे तोवर हे विमान फार गुणी वागतं, पण इंजिन बंद पडलं की ते घरंगळत लांब जात नाही, खाली येतं. पुढची बरीच उत्तरं या एका गोष्टीभोवती फिरतात.

३. पुढे चाक असलेल्या विमानात टप्प्याटप्प्याने काय करायचं?

पट्टीच्या अगदी टोकापर्यंत मागे जा. मागे सोडलेले वीस मीटर पुन्हा मिळत नाहीत. ऑइलचं तापमान ५० अंशांवर आल्याशिवाय रोटॅक्सला पूर्ण थ्रॉटल देऊ नका. फ्लॅपरॉन उड्डाणाच्या खाचेत, ट्रिम (स्टिकवरचा ताण हलका करणारी सोय) उड्डाणाच्या जागी. झाडांच्या शेंड्यांकडे आणि वाऱ्याच्या मोज्याकडे एकदा बघून घ्या.

ब्रेक दाबून धरा, थ्रॉटल दोन-तीन सेकंदांत सलग पुढे न्या. आरपीएम आणि ऑइलचा दाब ठरलेल्या जागी आहेत हे पाहा. नसतील तर उड्डाण तिथेच रद्द. असतील तर स्टिक (नियंत्रणाचा दांडा) पूर्ण मागे आणि ब्रेक सोडा.

सीएच ७०१ मध्ये दोघांच्या मध्ये एकच स्टिक असते, वर वाय आकाराची मूठ. ती पोटाकडे ओढलेली असताना, प्रोपेलरची हवा थेट शेपटीवर येत असल्यामुळे, नाक काही मीटरांतच वर येतं. इथे नवखा माणूस स्टिक तशीच धरून ठेवतो आणि शेपटीखालचा स्किड जमिनीला घासतो. पुढचं चाक सुटलं असं जाणवताच स्टिक दोन-तीन बोटं पुढे सोडा. चाक जमिनीपासून वीतभर वर, एवढंच हवं. काउलने (इंजिनावरच्या आवरणाने) समोरचं क्षितिज झाकलेलं असतं, म्हणून नजर डाव्या बाजूला पट्टीच्या कडेवर ठेवा आणि उजव्या पायाने नाक सरळ धरा.

मग खालची खडखड एकदम थांबते. चाकं सुटली. आता लगेच वर जायचं नाही. नाक थोडं खाली घ्या, जमिनीपासून मीटर-दोन मीटरवर वेग जमू द्या आणि ठरवलेला चढाईचा वेग आला की मगच चढा. हात हे ऐकायला तयार नसतो. समोर झाडं दिसत असताना नाक खाली घेणं मनाविरुद्ध जातं. सराव मुख्यतः याच दोन-तीन सेकंदांचा करायचा आहे.

४. माझं विमान टेलड्रॅगर (तिसरं चाक शेपटीखाली असलेलं) आहे. शेपटी आधी उचलायची की तिन्ही चाकांवरूनच सुटायचं?

पट्टी खडबडीत किंवा मऊ असेल तर शेपटी जेमतेम उचललेली ठेवून सुटा. पंखाला कोन मिळतो आणि वजन चाकांवरून लवकर उतरतं. पट्टी कठीण आणि गुळगुळीत असेल तर शेपटी थोडी उचलून ड्रॅग कमी करायचा आणि सुटायच्या क्षणी स्टिक मागे घ्यायची, हीही रीत चालते. किटफॉक्ससारख्या विमानात दोन्ही करून मोजा. फरक बहुधा वाटतो त्यापेक्षा कमी निघतो.

शेपटी झटक्यात उचलू नका. प्रोपेलर हा फिरता भोवरा आहे. वैमानिकाच्या जागेवरून पाहता तो घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर शेपटी वर जाताना नाक डावीकडे ओढलं जातं. त्याच वेळी इंजिनाची बाकीची डावी ओढ चालूच असते आणि वेग कमी असल्याने रडरला (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूला) जोर नसतो. अरुंद पट्टीवरून विमान कडेला उतरतं ते अशाच वेळी.

५. फ्लॅप किती? आणि सुटायच्या क्षणी फ्लॅप झटक्यात ओढतात, ते करावं का?

उड्डाणाला साधारण अर्धे फ्लॅप. पूर्ण फ्लॅपने स्टॉलचा वेग अजून थोडा उतरतो, पण ड्रॅग इतका वाढतो की चाकं सुटूनही विमान चढत नाही. फ्लॅपरॉनच्या विमानात आणखी एक अडचण येते: फ्लॅपरॉन पूर्ण खाली असले की कलण्याचं नियंत्रण मंदावतं आणि उलट दिशेला नाक फिरण्याची खोड वाढते.

हाताच्या लिव्हरचे फ्लॅप असलेल्या विमानांत धाव फ्लॅपशिवाय घ्यायची आणि वेग आला की लिव्हर एकदम ओढायची, ही अलास्कातल्या वैमानिकांची जुनी युक्ती आहे. फ्लॅपशिवाय धावताना ड्रॅग कमी राहतो आणि ओढताक्षणी लिफ्ट उसळते. मात्र एक हात लिव्हरवर, एक स्टिकवर आणि थ्रॉटल बेवारशी, अशी स्थिती काही क्षण असते. यातून काही मीटर वाचतात. ज्या पट्टीवर त्या काही मीटरांवाचून अडतं, तिथून निघूच नये असं माझं मत आहे.

६. ब्रेक धरून पूर्ण पॉवर, की चालत्या विमानातून सुरुवात?

कठीण, स्वच्छ पट्टीवर ब्रेक धरून. फायदा अंतरापेक्षा खात्रीचा आहे: इंजिन पूर्ण ताकद देतंय हे हलण्याआधी कळतं. खडी, मुरूम किंवा सैल माती असेल तर उभ्या विमानाचा प्रोपेलर खडे वर खेचून स्वतःच्या कडा खातो. तिथे इंजिनाची तपासणी स्वच्छ जागी उरका आणि चालत्या विमानातच थ्रॉटल वाढवत न्या. चिखलात किंवा मऊ गवतात थांबलंच तर चाक रुततं, म्हणून तिथेही चालती सुरुवात.

७. उन्हाळ्यात विमान सुस्त का होतं? किती फरक पडतो?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत, म्हणून आकडे मांडतो.

समजा पट्टी १,९०० फुटांवर आहे, पुणे विमानतळाच्या उंचीच्या जवळपास. मे महिन्याची दुपार, ४० अंश. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश धरतात आणि दर हजार फुटांना साधारण २ अंश कमी करतात, म्हणजे १,९०० फुटांवर ११ अंश असायला हवेत. आपल्याकडे २९ अंश जास्त आहेत. दर अंशाला १२० फूट या ठोकताळ्याने जवळपास ३,५०० फूट वाढतात. विमानाच्या आणि इंजिनाच्या दृष्टीने तुम्ही ५,४०० फुटांवर उभे आहात.

टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. १०० हॉर्सपॉवरचे इथे ८४-८५ उरतात. प्रोपेलरला पातळ हवा मिळते. पंखाला तेवढीच लिफ्ट मिळवायला जमिनीवरून जास्त वेगाने धावावं लागतं. वेगदर्शकावर मात्र सुटण्याचा आकडा नेहमीचाच दिसतो, म्हणून फसायला होतं.

उपाय साधा आहे: सकाळी सातच्या आत निघा. त्याच पट्टीवर २२ अंश असतील तर तीच उंची साधारण ३,२०० फुटांवर येते.

८. समोरचा वारा किती मदत करतो?

सावकाश सुटणाऱ्या विमानाला प्रचंड. धाव जमिनीवरच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आपलं विमान ३० नॉटला (१ नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) सुटतं आणि समोरून १० नॉट वारा आहे, तर जमिनीवर २० नॉटच लागतात. अंतर शांत हवेच्या ४४ टक्के. ६० नॉटला सुटणाऱ्या विमानाला त्याच वाऱ्यात ६९ टक्के अंतर लागतं.

हाच हिशोब उलटाही चालतो. मागून ५ नॉट वारा म्हणजे गवताची पाती जेमतेम हलवणारी झुळूक, पण ३० नॉटच्या विमानाची धाव ती ३६ टक्क्यांनी वाढवते. ‘वारा नगण्य होता’ असं म्हणण्याआधी तो मोजा.

झाडांच्या रांगेमागून उडत असाल तर जमिनीवर वारा शांत आणि शेंड्यांच्या वर एकदम वेगळा असू शकतो. तिथे चढाईच्या वेगात ४-५ नॉट जास्त ठेवा.

९. वजन कमी केल्याने खरंच एवढा फरक पडतो का?

पडतो, आणि यासाठी कौशल्य लागत नाही. वजन १० टक्क्यांनी वाढलं की उड्डाणाचं अंतर साधारण २० टक्क्यांनी वाढतं. सीएच ७०१ चं कमाल वजन ५०० किलोच्या घरात आहे. २० लिटर पेट्रोल कमी भरलं की सुमारे साडेचौदा किलो उतरतात, म्हणजे ३ टक्के वजन आणि ६ टक्के अंतर. सोबतीला खाली ठेवून एकेक करून बाहेर पडणं आणि मोठ्या पट्टीवर पुन्हा एकत्र बसणं, हा आखूड पट्टीवरचा सगळ्यात शहाणा मार्ग आहे.

वजन उतरवताना समतोल बिघडवू नका. मागचं सामान काढलं तर सहसा चालतं, पण जड बॅटरी मागे हलवून नाक हलकं करायचं खूळ घेऊ नका. स्टॉलमधून बाहेर येताना त्याची भरपाई करावी लागते.

१०. गवत, ओली पट्टी, चढ: हे सगळं एकत्र आलं तर हिशोब कसा?

गुणाकार करायचा, बेरीज नाही. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने हलक्या विमानांसाठी दिलेले गुणक मला सगळ्यात उपयोगी वाटतात. १० टक्के जास्त वजनाला १.२. दर १,००० फूट उंचीला १.१. दर १० अंश जास्त तापमानाला १.१. वीतभर उंचीपर्यंतच्या कोरड्या गवताला १.२ आणि ओल्या गवताला १.३. दोन टक्के चढाला १.१. सुटण्याच्या वेगाच्या १० टक्के मागच्या वाऱ्याला १.२. मऊ जमिनीला १.२५ किंवा जास्त. आणि शेवटी सगळ्यावर सुरक्षिततेचा १.३३.

प्रश्न ७ मधली पट्टी घ्या आणि तिच्यावर कोरडं गवत आहे असं धरा. मॅन्युअलमध्ये १५ मीटरच्या अडथळ्यापर्यंत २०० मीटर लिहिले आहेत. तापमान प्रमाणापेक्षा जवळपास ३० अंश जास्त: १.१ तीनदा, म्हणजे १.३३. उंचीचे १.२. गवताचे १.२. इथवर ३८३ मीटर झाले. सुरक्षिततेचा गुणक लावला की ५१० मीटर. कागदावरचे २०० मीटर प्रत्यक्षात पाचशेच्या वर गेले, आणि यात वैमानिकाची एकही चूक धरलेली नाही.

११. माझ्या विमानाचा खरा आकडा कसा काढू?

लांब पट्टी निवडा, आठशे मीटर किंवा जास्त. कडेला दर दहा मीटरवर खूण करा. कबड्डीचं मैदान आखायची फक्की पुरते. एक माणूस सुरक्षित अंतरावर बाजूला उभा राहून चाकं कुठे सुटली ते टिपतो. वैमानिकाने स्वतः अंदाज करू नये. वारा जवळजवळ शांत असताना दोन्ही दिशांनी उड्डाणं करा आणि सरासरी घ्या. वजन, तापमान आणि वारा प्रत्येक नोंदीसोबत लिहा, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही. एकट्याने आणि पूर्ण वजनाने, असे दोन संच हवेत. दुसऱ्या माणसाऐवजी वाळूच्या पिशव्या घट्ट बांधा.

हे काम पहिल्या काही तासांत करायचं नाही. अमेरिकेत स्वतः बांधलेल्या विमानाला चाचणी-उड्डाणांसाठी सहसा २५ किंवा ४० तास राखून ठेवलेले असतात. त्यांतले सुरुवातीचे तास इंजिन, तापमान, समतोल आणि उंचीवरचे स्टॉल यांसाठी आहेत. कमी अंतराचा सराव सगळ्यात शेवटी.

१२. चढाई कुठल्या वेगाने? व्हीएक्स की व्हीवाय?

कमी अंतरात जास्त उंची देणारा वेग व्हीएक्स, कमी वेळात जास्त उंची देणारा व्हीवाय. अडथळा पार होईपर्यंत व्हीएक्स, नंतर नाक खाली घेऊन व्हीवाय. अडथळाच नसेल तर व्हीएक्सचं काम नाही, थेट व्हीवाय धरा.

किटसोबत आलेले वेग दुसऱ्याच्या विमानाचे असतात. तुमचे वेग उंचीवर मोजा: पाच-पाच नॉटच्या फरकाने एकेका वेगाने एक मिनिट चढून किती फूट मिळाले ते लिहा. नाक फार वर असताना पिटो नळीत (वेगदर्शकाला हवेचा दाब पोचवणाऱ्या नळीत) हवा तिरकी शिरते आणि वेगदर्शक खरा वेग दाखवत नाही. म्हणून दाखवलेल्या वेगाची पडताळणी जीपीएसवर विरुद्ध दिशांनी उडून करून घ्या. आणि व्हीएक्स काहीही निघो, इंजिन बंद असतानाच्या स्टॉल वेगाच्या १.३ पटीखाली जमिनीजवळ चढू नका. कारण पुढच्या उत्तरात आहे.

१३. उभ्या चढाईत इंजिन बंद पडलं तर?

कोणताही व्हिडिओ पाहून नाक आकाशाकडे उचलायची इच्छा झाली तर आधी हे वाचा.

३५ नॉट वेग, चढाईचा कोन १५ अंश, ड्रॅग वजनाच्या सहाव्या भागाएवढा. इंजिन थांबताच विमानाचा वेग दर सेकंदाला साधारण ८ नॉटने उतरतो. एका सेकंदाने २७. चकित झालेल्या माणसाला काय झालं हे उमगून हात हलवायला दोन सेकंद सहज जातात. शिवाय आतापर्यंत प्रोपेलरची हवा पंखाच्या मधल्या भागावर आणि शेपटीवर जोरात येत होती, तीही गेली. म्हणजे विमानाचा वेग खाली येत असतानाच स्टॉलचा वेग वर चढतो.

स्टॉल न होता नाक खाली गेलं तरी जमिनीजवळ विमान अलगद टेकवण्याइतका वेग परत हवा. २७ नॉटवरून ४३ नॉटवर यायला ड्रॅग शून्य धरला तरी १५ मीटर उंची खर्च होते. प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. १५ ते ४० मीटर उंचीवर या अवस्थेत असाल तर कसबी वैमानिकाकडेही पुरेशी उंची नसते.

म्हणून प्रश्न ३ मध्ये जमिनीलगत वेग जमवायला सांगितलं आहे. इंजिन थांबल्याची पहिली चाहूल लागताच स्टिक पुढे, विचार नंतर. सरळ समोर, फार तर थोडं डावी-उजवीकडे, जिथे जागा असेल तिथे उतरा. मागे वळून पट्टी गाठायचा प्रयत्न करू नका. निघण्यापूर्वी दर वेळी मोठ्याने म्हणा: ‘इंजिन गेलं तर नाक खाली, समोरच्या शेतात.’ आधी उच्चारलेलं हाताला लवकर आठवतं.

१४. नाक वर गेलं की इंजिन अडखळतं. का?

आधी इंधनाचा प्रवाह तपासा. टाकी पंखात आणि इंधन गुरुत्वाकर्षणाने येत असेल, तर नाक वर गेल्यावर टाकी आणि कार्ब्युरेटर यांच्यातला उंचीचा फरक कमी होतो आणि प्रवाह मंदावतो. सपाट जमिनीवर केलेली चाचणी इथे उपयोगाची नाही.

विमान चढाईत असेल त्यापेक्षा थोडं जास्तच नाक वर राहील असं टेकवा. टाकीत कमीत कमी इंधन ठेवा. कार्ब्युरेटरजवळची नळी सोडून मापाच्या भांड्यात धरा आणि घड्याळ लावा. उड्डाणाच्या वेळी इंजिन जेवढं पितं त्याच्या १५० टक्के प्रवाह गुरुत्वाकर्षणावर, किंवा पंप असेल तर १२५ टक्के, मिळायला हवा. रोटॅक्स ९१२ चं १०० हॉर्सपॉवरचं मॉडेल पूर्ण थ्रॉटलला ताशी सुमारे २७ लिटर घेतं. म्हणजे अनुक्रमे ४० आणि ३४ लिटर. काम उघड्यावर करा, अग्निशामक जवळ ठेवा, आसपास कोणी बिडी-सिगारेट ओढत नाही ना ते बघा.

प्रवाह भरपूर असूनही उन्हाळ्यातच अडखळत असेल तर तापलेल्या काउलखाली नळीत पेट्रोलची वाफ होत असण्याची शक्यता मोठी. एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या नळ्यांना उष्णतारोधक आवरण घाला आणि टॅक्सी करून आल्यावर बंद विमान उन्हात तापत ठेवून लगेच निघू नका.

१५. प्रोपेलरचा पिच (पात्यांचा कोन) बदलून अंतर कमी होईल का?

होईल. जमिनीवर बदलता येणारा प्रोपेलर असेल तर पिच थोडा कमी केल्याने इंजिन उभ्या विमानात जास्त आरपीएम गाठतं आणि सुरुवातीची ओढ वाढते. बदल्यात सरळ उड्डाणाचा वेग घटतो. मर्यादा अशी की पूर्ण थ्रॉटलला, सरळ पातळीत, रोटॅक्स ९१२ ने ५,८०० आरपीएम ओलांडू नये. ५,५०० च्या वर पाच मिनिटांपेक्षा जास्त चालवायचं नसतं. एका वेळी अर्धा अंश बदला, सगळ्या पात्यांचा कोन सारखा आहे ना ते तपासा आणि पुन्हा मोजा.

१६. स्लॅट काढून व्होर्टेक्स जनरेटर (पंखावर हवेचे छोटे भोवरे उठवणारे लहान तुकडे) लावले तर चालेल?

सीएच ७०१ च्या धर्तीच्या सव्हाना विमानात कारखान्यानेच हा मार्ग घेतला आहे. तिची स्लॅट नसलेली, व्होर्टेक्स जनरेटरची आवृत्ती मिळते. सरळ उड्डाणात वेग वाढतो. पण बांधून झालेल्या ७०१ चे स्लॅट काढले की तुमच्याकडे वेगळं विमान असतं: स्टॉलचा वेग, स्टॉलचा कोन, चढाईचा वेग, सगळं पुन्हा मोजायचं. आधी आराखडा करणाऱ्यांना विचारा, परवाना देणाऱ्यांना कळवा आणि प्रश्न ११ व १२ मधलं काम पहिल्यापासून करा.

१७. जमिनीलगत विमान तरंगतं, मग वर जात नाही. असं का?

जमीन जवळ असताना पंखाच्या टोकांवरचे भोवरे दबतात आणि लिफ्टमुळे होणारा ड्रॅग घटतो. पंख जमिनीपासून पंखविस्ताराच्या एक दशांश उंचीवर असेल तर हा ड्रॅग जवळजवळ निम्मा होतो, एक चतुर्थांशावर साधारण पावपट कमी. पूर्ण विस्ताराएवढ्या उंचीवर फायदा संपलेला असतो. उंची मोजायची ती पंखाची, चाकांची नव्हे. ७०१ चा पंखविस्तार ८.२ मीटर आणि पंख डोक्यावर, म्हणजे चाकं जमिनीवर असतानाच पंख जवळपास पाव विस्ताराएवढा उंच असतो. खाली पंख असलेल्या विमानाला हा आधार जास्त मिळतो आणि तेच वैमानिक जास्त फसतात: विमान वेगाआधीच जमीन सोडतं, दोन-तीन मीटरवर जातं आणि तिथे अडकतं. असं झालं तर नाक आणखी ओढू नका. किंचित खाली घ्या, वेग येऊ द्या. समोर जागा उरली नसेल तर थ्रॉटल बंद करून उतरा.

१८. उड्डाण सोडून द्यायचं कधी, हे कसं ठरवू?

प्रचलित नियम असा: पट्टीच्या निम्म्यावर सुटण्याच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल तर थांबा. ७० टक्के वेग म्हणजे जवळपास निम्मी ऊर्जा, त्यामुळे नियम रास्त आहे. पण आपल्या विमानांना तो नीट लागू पडत नाही. २० नॉटच्या आसपास बहुतेक वेगदर्शक काहीच भरवशाचं सांगत नाहीत आणि लांब पट्टीचा मध्य फार पुढे असतो.

त्याऐवजी जमिनीवर रेघ ठरवा. त्या दिवशीच्या गुणकांनी काढलेल्या धावेच्या दीडपटीवर फक्कीची रेघ किंवा झेंडा. तिथवर चाकं सुटली नाहीत तर थ्रॉटल बंद. आणि रेघेपुढे थांबायला पुरेशी पट्टी आहे हे आधी चालत जाऊन पावलांनी मोजा.

१९. अलास्कातल्या स्पर्धेत विमानं दहा-पंधरा फुटांत उडतात. मला का जमत नाही?

अलास्कातल्या व्हाल्डीझला दर वर्षी मे महिन्यात ही स्पर्धा होते. तिथे विमानं वीस फुटांच्या आत सुटताना दिसतात. ती विमानं त्याच कामासाठी हलकी केलेली असतात, आत एकटा वैमानिक, पेट्रोल जेमतेम, हवा थंड, पट्टी समुद्रसपाटीला आणि समोरून वारा. प्रश्न ७, ८ आणि ९ चे गुणक एकाच दिशेने लावून पाहा, उलगडा होईल. त्या वैमानिकांचं कौशल्य अस्सल आहे, पण ते मोकळ्या, लांब धावपट्टीवर दाखवलं जातं. गाडं अडलं तर पुढे शेकडो मीटर मोकळे असतात. तुमच्या शेतातल्या पट्टीपुढे विहीर असते.

२०. भारतात स्वतः विमान बांधून हे करता येईल का?

बांधता येतं, पण नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून घ्यावी लागते आणि वैमानिकाचा परवाना वेगळा. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ च्या फेब्रुवारीत ते मुंबईत ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडलं आणि २०१७ च्या नोव्हेंबरात त्याला नोंदणी मिळाली. या मधल्या वर्षांत किती चिकाटी लागली असेल याचा विचार करूनच कामाला हात घाला. कागदपत्रं, बांधणीच्या टप्प्यांचे फोटो आणि तपासणीच्या नोंदी पहिल्या रिव्हेटपासून ठेवा.

शेतात पट्टी आखली म्हणून तिथून उडता येत नाही. जागेची परवानगीही घ्यावी लागते.

२१. पट्टीला उतार आहे आणि वारा उताराच्या वरून खाली येतोय. चढावर वाऱ्याला तोंड देऊन जाऊ, की उतारावर वारा पाठीशी घेऊन?

जड विमानांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत याचं उत्तर बऱ्याचदा उताराच्या बाजूने असतं. सावकाश सुटणाऱ्या विमानात चित्र उलटतं. ३० नॉटचं विमान, २ टक्के उतार, ५ नॉट वारा आणि सपाटीवरची शांत हवेतली धाव १०० मीटर असं धरा. चढावर वाऱ्यात: वाऱ्यामुळे ६९, चढामुळे ७६ मीटर. उतारावर वारा पाठीशी: वाऱ्यामुळे १३६, उतारामुळे फार तर १२२ मीटर. आपल्याला २ टक्के चढ हा मागच्या दीड नॉट वाऱ्याएवढाच जड जातो.

मात्र हे फक्त धावेचं गणित आहे. चढाच्या टोकाला डोंगर उभा असेल आणि जमीन तुमच्या चढाईपेक्षा लवकर वर येत असेल, तर तिकडे तोंड करायचंच नाही. शिवाय त्या डोंगरावरून उतरणारा वारा पट्टीच्या पुढे हवा खाली दाबत असतो, म्हणजे मोजलेली चढाईही मिळत नाही. अशा पट्टीवरून उतारानेच निघावं लागतं, आणि त्यासाठी पाठीमागचा वारा पडायला हवा. तो बहुधा सूर्योदयाच्या सुमारास पडतो. तोवर विमान बांधून ठेवा आणि मुक्काम करा.